खवट

नाळेतलं रक्त बर्फात ठेवून
मी काट्यावरचा आकडा वहीत उतरवते :
एक किलो नऊशे चाळीस.
नमुना सत्तेचाळीस. हुरमत तडवी, वय वीस,
यावलच्या वर, सातपुड्याला टेकलेलं गाव.
एकशे आठने आणली, पहाटे, जळगावला.

सासू दाराशी. सुगराबाई.
"कायले व बाई, इतक्याशा लेकराचं रगत?"
लेकराचं नाही, मी सांगते,
नाळ कापल्यावर जे उरतं ते. नाहीतर टाकूनच देतात.
"मंग त्यात काय पाहाशीन?"

छापील कागदावर शब्द आहे ऑक्सिडेटिव्ह ताण.
मी नुसतं म्हणते, ताण. आईला, बाळाला बसलेला.
ती लगेच मान हलवते :
पाणी तुटलं की केळीला बसतो, तसा.
घड निसवतो, पण भरत नाही.

मला याहून बरं सांगता आलं नसतं.
तरी सांगते : डब्यातलं तेल उघडं राहिलं,
उन्हात राहिलं, की खवट होतं ना,
तसं रक्तातल्या चरबीचं होतं.
हवेनंच होतं. जिच्यावर जगतो तिच्यानंच.
अंगात राखण करणारं काही असतं,
भाजीतलं, फळातलं, ते कमी पडलं की.

फळ! हुरमतने नऊ महिने फळंच धुतली.
सावद्याच्या शेडमध्ये तुरटीच्या पाण्यात
फणीमागून फणी, खोक्यात कागद घालून,
दूरच्या कुणासाठी.
घरी पऱ्हाट्यांचा धूर, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.
लोहाच्या गोळ्या पिशवीतच होत्या, मोजल्या मी,
एकोणसत्तर.

रात्री नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या करते.
मग गार करते.
मग रंग येतो. गुलाबी.
पेठेत झबली टांगतात त्या रंगाचा,
आणि जितका सुंदर तितकं आत खवटलेलं.
यंत्रात पाचशे बत्तीसवर प्रकाश सोडायचा, आकडा लिहायचा.
आईची नळी गडद. बाळाची तिच्याहून फिकी,
पण आहे.
गुलाबी आहे.

फिरके सरांच्या आलेखात
एका बाजूला हा रंग, दुसऱ्या बाजूला ग्रॅम.
रेघ तिरपी उतरत जाते.
ठिपके मात्र रेघेचं ऐकत नाहीत :
एकतिसाव्या नळीतली बाई हुरमतहून गडद होती,
तिचं पोरगं तीन किलो दोनशे.
सर म्हणतात, संबंध आहे. कारण आहे असं लिहू नकोस.
मी लिहीत नाही.

माझे वडील मालधक्क्यावर काटा धरायचे.
हलका घड बाजूला ठेवायचे,
त्याला भाव वेगळा.
मी झाले तेव्हा म्हणे त्यांनी मलाही
टॉवेलात गुंडाळून त्याच काट्यावर ठेवलं होतं.
किती भरले ते मला कधी सांगितलं नाही.
आईला विचारलं, तर तिनं
चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून सांगितलं.
जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात
बाळ हुरमतच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, ओढणीखाली.
ओढणीभर काळे डाग. केळीचा चीक.
मी उगाच विचारते, लिंबानं निघतात का?
"नाही निघत. सोडा लावला, रॉकेल लावलं."
मग थोडी हसते :
"उडतो तवा तर पाण्यासारखा राहतो.
हवा लागली का काळा पडतो."

ओढणीखाली तो भराभर श्वास घेतोय,
पाठीवर माझं एक बोट मावेल, दोन नाही.
काट्यावर ठेवते. एक किलो आठशे नव्वद.
ती आकडा वाचते. तिला आकडे येतात, खोकी मोजून.
"कमी झालं?"
होतं, मी म्हणते, पहिले काही दिवस होतंच.
मग चढतं.
"किती दिवसांत?"

मी वही मिटते
आणि लेकरू पुन्हा तिच्या छातीवर ठेवते.